छोटी सुट्टी

ऑफिसातलं घड्याळ पोळ्यापासून सव्वादहालाच अडकलंय.
सेल आणायला चोपड्याला जायचं ते राहूनच जातं,
आणि सेलचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा
हे हेडसरांचं अजून ठरत नाही.

मोबाईल आहे माझ्याकडे, नाही असं नाही.
पण आमची छोटी सुट्टी दिलवर पावरा करतो.
दुसरीतला. खिडकीजवळचा.
निंबाची सावली हातपंपाच्या दांड्याला टेकली
की तो तेरीनवं म्हणता म्हणता थांबतो,
पायाने चपला चाचपतो.
त्याच्यामागे अख्खा वर्ग चपला चाचपतो.
मग मी म्हणते, जा रे बाबा, दे टोल.

ओट्यावर रुळाचा तुकडा टांगलाय,
भुसावळहून कोणी आणला, कोणाला आठवत नाही.
दिलवर दोन्ही हातांनी हातोडी उचलतो
आणि वाजवून झाल्यावर
रुळावर तळवा ठेवून आवाज पुसतो.

मग दहा मिनिटं बाजार.
"तुना डबामा काय शे?"
कळण्याची भाकर, वर लाल ठेचा.
रात्रीचे फुणके, कोपरे मोडलेले.
कच्चं बिबडं आणि मूठभर शेंगदाणे.
आफरीनच्या घरची शेव, कागदातून तेल वर आलेलं.
केळीचे वेफर्स कोणी विचारत नाही,
केळी तर बांधाबांधाला आहेत.
एका बिबड्याला पाच बोरं, हा भाव दिवाळीनंतरचा;
संक्रांतीला बोरं पडून सात झाली.
सहावं बोर किडकं निघालं म्हणून
भाग्येश आणि युवराज दोन दिवस बोलले नाहीत.
मी तेच फळ्यावर घेतलं:
पाच बिबडी, सात बोरं, त्यातली चार किडकी.
भागाकार त्या दिवशी पहिल्यांदा
भांडणासारखा सगळ्यांना कळला.

मधे मी एकदा चोरून मोबाईलशी ताडून पाहिलं.
तीन मिनिटं इकडे, तीन तिकडे.
पौषात सावली लांबली,
तर पोराने दांडा सोडून
पंपाच्या ओट्याची भेग धरली.
मी शिकवलं नव्हतं. विचारलंही नाही.

फाल्गुनात तो सहा दिवस आला नाही.
डोंगराकडे भोंगऱ्याचा बाजार,
पाड्यावरचं सगळं घरदारच तिकडे.
पहिल्या दिवशी आम्ही एकोणीसच्या पाढ्यापर्यंत गेलो.
कोणीच चपला शोधेना.
रत्नाआक्का खिचडीचा डाव हातात घेऊन दारात:
"मॅडम, आज पोरं उपाशी ठेवशात का काय?"
त्या संध्याकाळी मी चोपड्याला जाऊन
सेल घेतला. स्वतःच्या पैशाने.

सातव्या दिवशी दिलवर आला.
केसांच्या मुळाशी गुलाल,
गळ्यात साखरेचा हार, अर्धा चाटलेला.
बाजारभाव कोसळला.
एका साखरेच्या मण्याला दोन बिबडी, आणि वर
युवराजने कंपासपेटी दाखवायचं कबूल केलं.
दिलवर मात्र आधी खिडकीशी गेला,
वाकून बाहेर बघितलं,
आणि माझ्याकडे वळून
जरा रागानेच म्हणाला,
"मॅडम, सावली फुढे चालनी गई."

सेल खडूंच्या डब्यात आहे.
घालायचाय. बघू.