एक लिटर

नवतपाचा तिसरा दिवस. कुलरचा पंप नेमका आजच बसला.
प्रतापनगरच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
मेकॅनिक फोनवर म्हणाला, "संध्याकाळशिवाय नाही जमत जी ताई,
अख्ख्या नागपूरचे पंप बसून राह्यले."
मग मीच ओढणी खोचली, मागचं पॅड काढलं
आणि टाकीत हात घातला.

आधी लागली वाळू.
मग एक शिंपला, आणि दुसऱ्याचा तुकडा,
पंपाच्या जाळीत बोराच्या बीसारखा अडकलेला.

आमच्याकडे वाळू म्हणजे कन्हानची,
ट्रकने येणारी, जाडी, बांधकामाची.
ही बारीक. करडी.
हिला मी ओळखते.
चार दिवस हिला कानामागून, बेंबीतून,
पोळीच्या डब्यातून काढत होते.

"अन्वय!"
तो पडद्यामागे. पाय दिसताहेत.
पुढे आली थोरली, सात वर्षांची वकील:
"त्याने एकट्याने नाही टाकलं. आम्ही दोघांनी टाकलं."
"काऊन पण?"
"तिथला वारा यावा म्हणून."

ती बाटली.
दिवेआगरच्या शेवटच्या संध्याकाळी
गुडघाभर पाण्यात उभं राहून भरलेली, एक लिटर,
तळाशी चिमूटभर किनारा.
गाडीत रात्रभर अन्वयच्या कुशीत झोपली.
वर्ध्याला समोरच्या बाकावरचे आजोबा
झाकण उघडून प्यायलाच निघाले होते.
"ते समुद्र आहे!" हा किंचाळला,
आणि अख्खा डबा जागा झाला.
घरी आल्यावर ती कुठे गेली, विचारायचं राहूनच गेलं.
कपडे धुवायचे होते, साखर संपली होती.

त्याने तिथे मला विचारलं होतं,
"आई, हे रात्री बंद करतात का?"
आमच्याकडे नळ पहाटे येतो, दीड तास,
त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता.
"नाही रे, हे चालूच असतं," मी म्हणाले,
जणू माझं बालपणच किनाऱ्यावर गेलं होतं.

कुणाला सांगितलं नाही अजून, विलासलाही नाही,
(त्याला वाटतं कॉलेजच्या सहलीत मी गोव्याला जाऊन आले;
पैसे भरले होते, गेले नव्हते)
की मीही तेव्हाच पाहत होते पहिल्यांदा,
चौतिसाव्या वर्षी,
हातात दोघांच्या चपला.
लाट मागे सरकली तेव्हा टाचांखालची जमीन
कुणीतरी अलगद काढून घेतली,
आणि मी अन्वयचा हात गच्च आवळला.
त्याला वाटलं, मी त्याला धरलंय.

टाकीच्या कडेला पांढरं किटण बसलंय.
नखाने खरवडलं, जिभेला लावलं.
खारट.
पण आमच्या बोअरचं पाणीही खारटच,
दर उन्हाळ्यात अशीच पांढरी रेघ सोडतं.
कुठली रेघ कुठल्या पाण्याची, कसं सांगायचं?
दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती,
परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखी.

"आला होता का मग वारा?" मी विचारलं.
"थोडा," थोरली म्हणाली.
"खूप!" पडद्यामागून आवाज.

संध्याकाळी मेकॅनिक आला, बनियनला घाम पुसत.
पंप उलटा केला, ठोकला, फुंकला,
बोटावर काहीतरी घेऊन उजेडात धरलं.
"पाणी लयच खारं दिसते तुमचं. कुठून येते जी?"

मुलं एकदम गप्प.

"लांबून," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, दोनशे रुपये घेतले,
आणि म्हणाला, पाणी बदलत जा,
नाहीतर पुन्हा बसते.