मागची पानं

परिपत्रक आलं: पंचाहत्तरी आहे, साजरी करा.
प्रभातफेरी, घोषवाक्यं, रांगोळीत नकाशा,
आणि पाच वाजायच्या आत
हसऱ्या मुलांचा एक फोटो.

पंधरा वर्षं मी इतिहास शिकवते.
नागरिकशास्त्र त्याच पुस्तकात, मागच्या पानांत.
तिथवर पोचतो तेव्हा परीक्षा दारात असते
आणि मी म्हणते, एवढं घरी वाचा.
घरी कोण वाचतं?
मीही नव्हतं वाचलं.

म्हटलं, रांगोळी नंतर.
आधी पंचाहत्तर वर्षं जुनं काहीतरी शोधा,
शिवडीतच, पायी जाता येईल इतक्यात.
मोबाइल नाही. माणसांना विचारायचं.

सोमवारी साईल तांडेलनं आणलं
पणजोबांच्या होडीचं लायसन,
चार घड्या, कडेला वाळवी,
शिक्क्यात परक्या राजाचा मुकुट,
तारीख मात्र स्वातंत्र्यानंतरची.
"बाई, शिक्का बदलायला विसरले?"
मला हसू आलं, मग उत्तर येईना.
"एका रात्रीत नवा कुठून आणतील?"
मागच्या बाकावरून प्रणोती म्हणाली.
माझे दोन तास वाचले.

रुकय्यानं काही आणलं नाही.
"आमच्यात जुनं टिकत नाही, बाई.
तीनदा तोडलं घर."
वहीत तीन तारखा होत्या.
मी त्या फळ्यावर घेतल्या,
सनावळीच्याच रांगेत.

आणि दर्शील आम्हा सगळ्यांना घेऊन गेला
बीडीडीच्या जिन्यात, भिंतीतलं भोक दाखवायला.
सेहेचाळीसची गोळी, त्याचे आजोबा सांगायचे.
कसली गोळी, समोरच्या दारातून म्हातारी म्हणाली,
खिळा होता, पाळण्याच्या दोरीचा, मीच ठोकलेला.
वाद पेटला.
प्रत्येकानं बोट घालून पाहिलं,
पट्टीनं खोली मोजली,
शेवटी कुणीतरी म्हणालं, मतदान घ्या.
तेव्हा मला बोलावं लागलं:
भोक कशानं पडलं, ते मतदानानं ठरत नसतं.

मग मतदानानं काय ठरतं?

कोण बोललं, आठवत नाही.
आम्ही जिन्यातच बसलो.
पाण्याची वेळ झाली, हंडे आमच्या डोक्यांवरून गेले,
दोघांच्या वह्या भिजल्या,
आणि मागची पानं उघडली ती तिथे.

दुसऱ्या दिवशी विषय निघाला मुलींच्या संडासाचा.
दाराला कडी नाही, दोन वर्षं.
एक आत, एक बाहेर राखणीला.
"याचं मतदान होतं का?" रुकय्या.
याचा अर्ज होतो, मी म्हटलं.
मायना, विषय, संदर्भ.
संदर्भात काय लिहायचं यात तास गेला.
जगण्याचा हक्क, हे कलम
एका कडीसाठी जरा मोठंच वाटत होतं.
प्रणोती म्हणाली, असू दे मोठं.

सदतीस सह्या. मुलग्यांच्याही.
उमैरनं आधी मागच्या पानावर तीनदा करून पाहिली.
मग चालत परळला, एफ-दक्षिणच्या खिडकीपाशी.
हेडमास्तरांना पाठवा, खिडकी म्हणाली.
रुकय्यानं पोच मागितली.
तो शब्द ती जिन्यातच शिकली होती.

पंधरा ऑगस्टला झेंड्याची गाठ जरा अडकली,
मग सुटली. फुलं पडली. लाडू वाटले.
फोटो पाचच्या आत गेला.
त्यात कोपऱ्यात रुकय्या आहे, ती हसत नाहीये.
मुठीत कागद, कागदावर निळा शिक्का,
या वेळी आपला.

कडी अजून आलेली नाही.
मधल्या सुट्टीत दाराबाहेर कुणीतरी उभं राहतं,
आज मीच होते.
आतून आवाज आला:
"बाई,
स्मरणपत्र कसं लिहितात?"