मानशीची पावणी

चोडणच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट बघताना
जासिंतबाबने विचारलं,
पक्षांना म्हणे सरकारनेच पैसे द्यावेत. तुझं मत?
मी कूळ संघाचा हिशेब लिहितो, तेवीस वर्षं.
पावतीशिवाय मला मत नसतं.

म्हटलं, आपली मानस आठव.
खाजनाच्या बांधातलं लाकडी दार,
भरतीला मिटणारं, ओहोटीला उघडणारं.
राखणीला संघाकडे पैसे नव्हते
म्हणून पावणी केली.
ज्याची बोली मोठी, त्याची मानशीतली मासळी.
पहिलं वर्ष बरं गेलं.
दुसऱ्या वर्षी रात्री भरतीत
फळीखाली कुणीतरी दगड सरकवला.
खारं पाणी आत, पाण्यामागून सुंगटं, कुर्ल्या.
मीठ सोसणारं कोरगूटसुद्धा पिवळं पडलं.
जाब विचारला तर तो म्हणाला,
अडीच लाख मोजलेत.
खोटं नव्हतं.
पावतीवर अक्षर माझंच होतं.

म्हणजे द्यावेत, जासिंतबाब म्हणाला.

थांब जरा.
मग घरटी पैसे काढायचे,
अनसूया गांवशीकडूनही.
ज्यांनी तिच्या पोरीची शाळा बंद केली
त्यांच्या झेंड्याचं कापड तिने का शिवावं?
वाटप मागच्या मतांवर केलं
तर काल उभा राहिलेला नवा पोरगा
बोट सुटल्यावर धक्क्यावरच.
आणि सरकारचे घेऊन
अंधारात बोलीचेही घेतले तर?
दोन्ही हातांनी जेवणारे मी पाहिलेत.

बोट लागली. लोखंडी फळी खडखडत उतरली.
पायी माणसाला इथे तिकीट नाही.
काजूची पोती, एक भटजी,
एक उमेदवार इस्त्रीच्या सदऱ्यात,
त्याचीच पोस्टरं चिकटवून खळ लागलेला मुलगा,
सगळे एकाच पत्र्यावर उभे.
हे बघ, जासिंतबाब म्हणाला, ही आपल्या पैशांची.
म्हणून तर सुकाणूवाल्याला
कुणी सांगू शकत नाही, आधी माझ्या दारात लाव.
मी हो म्हटलं.
मग म्हटलं, पण डिझेलचं बिल
तू कधी मागून बघितलंस?
तो पाण्याकडे बघत राहिला.

रात्री वही उघडली.
नवं पान: मानस राखण, घरटी दोनशे.
पहिलं नाव माझं लिहिलं.
दुसरं त्या बोलीवाल्याचं लिहावं लागणार,
घर त्याचंही याच वाड्यावर आहे.
पेन तिथे अडलं.
बाहेर भरती चढतेय,
फळीवर पाणी आपटल्याचा आवाज अजून येत नाही.
टॉर्च घेऊन बघून यायला हवं.