अकरावी पायरी

एकशे बासष्ट पायऱ्या शिट्टी वाजवत चढायचा
एलेउतेरिओ, वाल्पाराइसोचा पोस्टमन.

एकवीस दिवस यंत्रानं घेतले त्याचे श्वास.
हिशेब अजून मिटलेला नाही.

दवाखान्याच्या बोळात, दोन नारिंगी शंकूंमधून
सहा मिनिटं चालवलं त्याला.
दोनशे दहा मीटर, मुलीनं लिहिलं; "छान," म्हणाली.
त्यानं मनात मोजलं:
ऑर्फेलियाबाईंच्या फाटकापर्यंतसुद्धा नाही.

आज अकराव्या पायरीवरच बसला.
मांड्या थरथरतायत,
कुणाकडून तरी मागून आणल्यासारख्या.
वर्षानुवर्षं त्याच्यावर भुंकलेलं पिवळं कुत्रं
वरून उतरलं,
झोळी नसलेला खांदा हुंगून
शेजारी टेकलं.

शिट्टी वाजवून पाहिली त्यानं.
नुसती हवा.
कुत्र्यानं तरी कान टवकारले.