पाठमोरा

घर घेतलं तेव्हा खरेदीखताच्या तळाशी
एक ओळ होती, वकिलानं घाईत वाचलेली:
सरोवरात हिस्सा, चौऱ्याऐंशीतला एक.
कुठला, ते लिहिलं नव्हतं.

मी काठावर उभी राहून शोधला.
लव्हाळ्यांपासून त्या कुबड्या खडकापर्यंत?
की प्रत्येक चौऱ्याऐंशीवी लाट?
शेजारची हिल्क्का हसली नाही.
म्हणाली, हिस्सा म्हणजे तुकडा नव्हे, पाळी.
फेब्रुवारीत करवत घेऊन ये.

माझ्या बोलीत म्हणतात,
काठी मारून पाणी दुभंगत नाही.
इथे आम्ही करवत चालवली
हातभर जाड बर्फात, दिवसभर,
आणि सकाळी पाहावं तर चीर मिटलेली,
वरून कोल्हा चालत गेलेला.

त्या वर्षी जाळ्यात आलं ते करंगळीएवढं.

मग शाळेत बैठक. बुटक्या बाकांवर
गुडघे छातीशी घेऊन मोठी माणसं,
कॉफी, वेलदोड्याचा पाव,
आणि फूटपट्टीशेजारी झोपवलेला
एकच मुइक्कू, चांदीच्या चमच्यासारखा.
काउकोनं त्याची लांबी वाचली.
पुन्हा वाचली.
दोन हिवाळे जाळं नाही: हात वर झाले.
आउलिसचा झाला नाही.
इतिवृत्तात एवढंच आहे: एक विरुद्ध.

दुसऱ्या हिवाळ्यात, बेटाआड,
देवदाराच्या फांद्यांखाली झाकलेलं भोक सापडलं,
आत जाळं, आणि जाळ्याला आउलिसची गाठ.
गाठ इथे हस्ताक्षरासारखी,
सगळ्यांना सगळ्यांची वाचता येते.
पोलिसांत कोणी गेलं नाही.
हिल्क्कानं जाळं सोडवलं, धुतलं,
स्वतःच्या सौनात वाळवलं
आणि घडी करून त्याच्या दाराच्या कडीला अडकवून आली.
बस्स.
फक्त दुकानात यीस्ट घेताना
"काय गारठा पडलाय" म्हणायला
त्याच्यापाशी कोणी थांबेना.
उणे अठ्ठावीसमध्ये
हे वाक्य न मिळणं काय असतं,
ते मला पहिल्या वर्षी कळलं होतं.

यंदा जाळं ओढलं.
चौऱ्याऐंशीतली थंडीत येणारी घरं अकरा,
म्हणून बर्फावर अकरा ढीग,
शक्य तितके सारखे,
आणि सारखे नाहीतच, हे सगळ्यांना दिसणारं.
म्हणून इथली जुनी रीत:
एकानं ढिगांकडे पाठ करून उभं राहायचं.
दुसऱ्यानं ढिगाला बूट लावून विचारायचं, हा कोणाचा?
पाठमोऱ्यानं एक नाव घ्यायचं.
बघेल त्यानं वाटू नये,
वाटेल त्यानं बघू नये.

यंदा कोण?
हिल्क्कानं हातमोज्यातला बर्फ झटकला.
"आउलिस," ती म्हणाली,
जणू भाजीत मीठ आहे का सांगत होती.

तो आला. पलीकडच्या काठाकडे तोंड केलं.
हा कोणाचा? पेल्कोनेनांचा.
हा? शाळेच्या बाईंचा.
हा? हिल्क्काचा. त्यात एक मोठा होता, त्याला दिसला नाही.
हा? माझं नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं,
मधला स्वर चुकवून.
मी दुरुस्त केलं नाही.

दहा नावं झाली.
काउकोनं अकराव्याला बूट लावला.
हा कोणाचा?

टोपीच्या मागच्या शिवणीवर हिम साचत होतं.
आउलिसला मोजता येतं.
आयुष्यभर त्यानं सुतारकाम केलंय.

शेवटचं नाव येईपर्यंत
कोणी आपला ढीग उचलायचा नाही, हीही रीत.
आम्ही उभे राहिलो.
मासे वाकलेले होते तसेच कडक होत गेले.
शाळेच्या बाई पाय आपटू लागल्या, मग थांबल्या.
मागे भोकातल्या काळ्या पाण्यावर
साय धरायला लागली होती.
कोणी त्याच्यावतीनं बोललं नाही,
आणि कोणी घरीही गेलं नाही.

काउकोनं तिसऱ्यांदा विचारलं,
अगदी हळू,
झोपलेल्या घरात कपबशी ठेवावी तसं:
आउलिस, हा कोणाचा?