खर्चाचं समर्थन

मे महिन्यातलं धुळं. बाहेर पंचेचाळीस,
फ्रीझरच्या आत उणे ऐंशी.
सव्वाशे अंशांचा हा फरक
मी भाड्याच्या जनरेटरवर सांभाळते आहे,
आणि अर्जातला रकाना म्हणतो :
आवर्ती खर्चाचं समर्थन करा, तीनशे अक्षरांत.

आत दोनशे अकरा नळ्या.
प्रत्येकीत कुणाच्या तरी दंडातलं पाच मिली रक्त
आणि नावाऐवजी आकडा.
शून्य सात चार म्हणजे गोजरबाई,
सोनगीरच्या पुढे, फाट्यावरून दोन कोस आत.
हे मला माहीत आहे, नळीला नाही.
नियमच तसा आहे, आणि तो चांगला आहे.

परीक्षक क्रमांक दोन लिहितात :
'भाषांतरासाठी चाळीस हजार अवाजवी वाटतात.
प्रमाण मराठीतली प्रश्नावली उपलब्ध आहे.'

उपलब्ध आहे, सर.
मीच ती वाचून दाखवली होती गोजरबाईला :
तुम्हाला आवाज ऐकू येतात का?
'येतस ना,' ती म्हणाली,
'एस्टीना येस, गिरणीना येस,
सूनना ते दिनभर येस.'
मी 'होय'वर खूण केली.
त्या दिवशी पन्नासांतल्या एकोणपन्नास जणांना
स्किझोफ्रेनिया निघाला.
पन्नासावा बहिरा होता.

मग निंबा,
निंबा माळी, क्षेत्र सहायक,
करार अकरा महिन्यांचा, बाराव्यात घरी,
तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तंबाखू मळत म्हणाला,
'माय, कोनी दखास नही, तरी बोलस,
आशे व्हस का?'
गिरणी तेव्हा बंद होती.
ती बराच वेळ कडीकडे बघत राहिली.
'भिताडमाईन मन्हं नाव लेस.
माहेरनं नाव.
आठे ते कोनलेच माहीत नही.'

चाळीस हजार हे त्या वाक्यापर्यंत पोचायचं भाडं होतं.
तीनशे अक्षरांत बसत नाही. मोजून पाहिलं.

'तरुण शास्त्रज्ञ' म्हणजे
एकतीस मार्चला ज्यांना पस्तीस पूर्ण नाहीत ते.
मला पुढच्या तीस मार्चला होतात.
सवलत आहे, बाळंतपण झालेलं असेल तर.
नळ्या धरत नाहीत.
आई फैजपूरहून फोनवर विचारते,
परमनंट कधी व्हायचं गं,
वेडाचा अभ्यास करणाऱ्यांना पगार नसतो का?
असतो, मी सांगते, अधूनमधून.

नकाराचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी
गोजरबाईची बारा महिन्यांनंतरची भेट होती.
तारीख तिच्या दारावर खडूनं लिहिलेली,
आमच्याच खडूनं.
निंबाचा करार संपला होता, तरी आला.
पेट्रोल अर्धं त्याचं, अर्धं माझं.
तिनं न सांगताच दंड पुढे केला,
आणि सुई आत असताना,
गाय व्याल्याची बातमी द्यावी तसं म्हणाली,
'आते तुन्हं बी नाव लेस.'

माझं पेन थांबलं.
कोणतं नाव? तिला मी फक्त मॅडम म्हणून माहीत.
विचारलं तर तिनं काहीतरी सांगितलं, हळू,
निंबाकडे बघून,
आणि निंबानं त्याचं भाषांतर केलं नाही.
परतताना, नगाव येईपर्यंत,
मीही त्याला विचारलं नाही.

रात्री सव्वादोनला लाइट गेली.
जनरेटर तिसऱ्या ओढीला पेटला.
उणे शहात्तर. उणे शहात्तर.
दाराला हात लावून उभी राहिले.
उणे सत्त्याहत्तर.
डिझेल सहापर्यंत पुरेल.
पंपाची पावती जपून ठेवली आहे,
कुठल्या रकान्यात जाईल, अजून ठाऊक नाही.