तीन नंबरची पट्टी

शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागे,
तांब्याची तार जिथे जमिनीत उतरते,
तिथे मी बादलीभर पाणी ओततो
मूठभर खडेमीठ टाकून.
येणारा-जाणारा विचारतो, काय लावलं बाप्पा इथं?
आवाज लावलाय, म्हणतो.

एप्रिलात काळी जमीन भेगाळते, तारेचा हात सोडते,
आणि रविवारी स्पीकरमधून गुणगुण सुरू होते
प्रार्थनेच्या खालून,
लोकांनी डोळे मिटले की जास्तच ऐकू येते.
पाणी पाजलं की गप्प.

सहा दिवस मी मोटारी बांधतो.
जळक्या वार्निशचा वास आंघोळीनं जात नाही,
गीतांच्या पुस्तकालाही लागलाय.
सातव्या दिवशी शेवटच्या बाकामागे, चपलांच्या शेजारी,
आठ चॅनलचा मिक्सर.
दारव्ह्याच्या मंडपवाल्याकडून घेतला,
त्यानं वरातीतले दोन दिवेही गळ्यात मारले,
टाळी वाजली की रंग बदलणारे.
नाताळात पाळकसाहेब म्हणाले, पश्चात्ताप करा,
आणि हिरवे झाले. मग जांभळे.
पोट्टे हसले. मग साहेबही.
दिवे आता कपाटात आहेत, दानपेटीच्या जुन्या कुलपासोबत.

नवाचं ऊन पूर्वेच्या खिडकीतून थेट भिंतीवर येतं,
प्रोजेक्टरची अक्षरं पिऊन टाकतं,
म्हणून खिडकीला कापसाची बोंदरी.
तिच्यातून सुटलेले तंतू उजेडाच्या पट्ट्यात तरंगतात
आणि दुसऱ्या कडव्यावरून चाललेली पाल
'करुणा' वर थांबते,
माशी धरते, पुढे जाते.
सुभद्राबाईला वाचता येत नाही,
तरी भिंतीकडे बघूनच म्हणते.
पूर्वी डोळे मिटून म्हणायची.
हे बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मिक्सरवर चिकटपट्टी, तिच्यावर माझंच अक्षर:
एक पाळक, दोन पेटी, चार ढोलक, पाच मुली.
तीन, एलीशबाबाई.

एकोणतीस वर्षं शास्त्रपाठ तिचा.
अर्धं आयुष्य जिनिंगमध्ये, छातीत रुईची धूळ,
आवाज खाली जड, वर फाटलेला.
मी खालचा कापला, मधला उचलला,
वरचा नखभर सोडला,
पुन्हा कापला. पावसाळा गेला त्यात.
मग एका रविवारी ती सापडली.
हेडफोन कानाला लावून दिला तर म्हणे,
काहून रे शमवेल, मी अशी बोलतो का?
हो म्हटलं. तशीच.

माघात गेली.

आता अकरावीतला हनोख वाचतो, तीनवरच.
सहा नंबर खरखरतो, बाकीचे भरलेले.
पोराचा गळा चांगला, पण स्पीकरमधून
पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखा.
पोरगं घाबरतं, लोक म्हणाले.
घसा बसला असंल.
साहेब म्हणाले, बघ जरा.
मला बघायचं नव्हतं, ठाऊक होतं.
तीन रविवार ठाऊक होतं.

काल पाणी ओतून आत आलो.
माईक तीनला जोडला, म्हटलं,
हॅलो, एक, दोन.
रिकाम्या बाकांवरून माझाच आवाज आला
तिच्या मापाचा, मला तोकडा.
मोबाईलवर तिन्ही बटणांचा फोटो घेतला,
हात हलला, पुन्हा घेतला.
मग एकेक करून
बाराच्या काट्यावर आणली.
फार जोर लागत नाही त्यांना.

आज हनोखनं वाचलं.
आज समजलं पाय, सुभद्राबाई मोठ्यानं म्हणाली,
मधूनच, तिला राहवत नाही.

केबल गुंडाळताना पोरगं मिक्सरवर वाकलं.
दादा, तीनवर हे कोणाचं नाव?
चॅनलचं, म्हटलं.
केबल कोपरावर गुंडाळू नको, आत पीळ पडतो.
सैल धर.